वरंध घाट कायमचा बंद करायचा?

भोरकर: "वरंध घाट कायमचा बंद करा, महाडला जायला ताम्हिणी आहे," ही आमच्या भोर-महाड रस्त्यावरच्या घाटाबद्दलची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव. तिथून परत मुंबई-गोवा महामार्गाने खाली महाड. हिर्डोशीच्या माणसाने त्यासाठी आधी पुणं गाठायचं? आमच्या लेकी खाली दिल्यात, पोरं बिरवाडीकडे कंपनीत आहेत. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने वाघजाईच्या देवळापर्यंतचा रस्ता धड आहे. कावळ्या किल्ला फोडून माझेरीकडे उतरतो तिथे खरा धोका. तेवढा तुकडा नीट करा ना!

महाडकर: नीट करा म्हणे! २००५ ला जुई, दासगाव दरडीखाली गेले. २०२१ ला तळिये. आमच्या तालुक्यात एक पावसाळा काढा, मग बोला. माझा मावसभाऊ पुढे दरड, मागे दरड अशा अवस्थेत रात्रभर गाडीत बसून होता. बंदच हवा.

भोरकर: तळिये ही वस्ती होती. घाट बंद असता म्हणून ती वाचली असती का?

सह्यभटक्या: दोघेही रुंदीकरणावर बोलत नाही. काळ्या कातळाच्या थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, पाणी त्यावर अडतं आणि बाजूने फुटतं. खालून डोंगर उभा कापला की वरचं सगळं निराधार. आणि वाघजाईजवळ माकडांना वेफर्स टाकणाऱ्यांना आधी दंड लावा. ऐन वळणावर ब्रेक मारतात!

वाघजाईचा: टपऱ्यांवर घसरायचं नाही. आम्ही पाट्या लावल्यात, माकडांना देऊ नका म्हणून.

सह्यभटक्या: टपरीचं नाव कुणी काढलं? पण रिकामी पाकिटं दरीत कोण टाकतं?

वाघजाईचा: तुमच्या शहरातले पाहुणे! सोमवारी पोती भरून आम्ही वर आणतो. माकडांनी माझ्या आईचा हात फाडला, तेव्हा एकही भटक्या आला नाही.

महाडकर: हे मात्र खरं. खायला घालून घालून माकडं मोटारसायकलवरच्या पोरांच्या अंगावर येतात. तोल गेला की थेट दरी.

भोरकर: माकडं राहू द्या हो! जड वाहनं पावसाळाभर बंद ठेवा, एवढं मानतो, तेही मावसभावाकडे बघून. पण अतिवृष्टीचा इशारा नसेल त्या दिवशी एसटी आणि रुग्णवाहिका सोडलीच पाहिजे.

महाडकर: आधी दरडीवर जाळी बसवा, मग एसटी सोडा.