मदत हवी आहे : सूत्रकृमी पकडणारी बुरशी वेगळी कशी काढू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी.ला आहे. सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म, धाग्यासारखे कृमी) पकडून खाणाऱ्या बुरशीसाठी आणि पाण्यातल्या बुरशींसाठी प्रकल्पात राधानगरीकडच्या ओढ्याचा फेस आणि रंकाळ्याच्या काठचा गाळ आणलाय. फेसाचं काम पटकन झालं. वाहत्या पाण्यातल्या बुरशींचे चार हातांचे बीजाणू फेसात अडकतात, थेंब काचेवर घेतला की दिसतात. (बुरशीतज्ज्ञ इंगोल्ड यांनी 1942 मध्ये इंग्लंडात अल्डर झाडाच्या कुजक्या पानांवर हीच मंडळी दाखवली होती.)

अडलंय ते गाळापाशी. 2 टक्के साध्या पाणी-अगारवर (पोषण नसलेल्या जेलीसारख्या थरावर) चिमूटभर गाळ पसरून वर सूत्रकृमी सोडले. दहाव्या दिवशी आर्थ्रोबोट्रिस या शिकारी बुरशीचं चिकट जाळं आणि त्यात वळवळणारा कृमी! आईला व्हिडिओ दाखवला, तर म्हणाली, "जेवताना नको बाबा." पण दोन दिवसांत ट्रायकोडर्मा या झपाट्यानं वाढणाऱ्या दुसऱ्या बुरशीनं प्लेट हिरवीगार करून टाकली. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलं होतं, पण ते जिवाणूंपुरतंच.

आर्थ्रोबोट्रिस कसंबसं थोडं उचलून बटाटा-अगारवर नेलं, तर वाढ झकास, जाळं मात्र एकही नाही. आयतं खायला मिळाल्यावर शिकार कोण करतंय म्हणा! कृमी आले की ही बुरशी जाळी धरते हे वाचलंय, पण माझे कृमी आता संपलेत.

कुणी एकेक बीजाणू सुईनं उचलून शुद्ध वाढ केलीय का? बीजाणू धरणाऱ्या उभ्या दांड्यांच्या टोकावरून उचलायचा, की पाण्यात पातळ करून पसरायचा? आणि ओट्सवर कृमी वाढवताना तुमच्याकडेही माइट (बारीक कोळीवर्गीय किडे) होतात का? माझ्या दोन बाटल्या त्यातच गेल्या. पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे.