गायराडॉस: ११० पॉवरचा हायड्रो पंप ८० च्या वॉटरफॉलपेक्षा कमी का लागतो?

मॅजिकार्प_५००
पोकेमॉन स्कार्लेट खेळतोय. माझा पोकेमॉन गायराडॉस लेव्हल ५०, नेचर (स्वभाव) न्यूट्रल, म्हणजे कुठलाच स्टॅट न वाढवणारा-घटवणारा, अटॅक १४५, स्पेशल अटॅक ८०, आयटम काही नाही. समोर लेव्हल ५० चा फायर टाइप आर्कनाइन. हायड्रो पंपची पॉवर ११०, वॉटरफॉलची ८०. दोन्ही वॉटर टाइप, दोन्ही सुपर इफेक्टिव्ह. तरी वॉटरफॉलच जास्त एचपी उतरवतो. शिवाय तोच वॉटरफॉल दर वेळी कमीजास्त लागतो आणि काही लढायांत तर अगदीच पोचट. हिशेब नेमका कसा होतो? आणि हायड्रो पंप ठेवू की काढू?

हिशेबी_तात्या
पॉवर एकटी काही ठरवत नाही. ती तुझ्या अटॅकने गुणली जाते आणि समोरच्याच्या डिफेन्सने भागली जाते. वॉटरफॉल फिजिकल आहे, म्हणून त्याला अटॅक आणि डिफेन्स. हायड्रो पंप स्पेशल, त्याला स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स. मूव्हच्या माहितीत चिन्ह दिसतं: लालसर स्फोट म्हणजे फिजिकल, निळी वर्तुळं म्हणजे स्पेशल. गायराडॉसचा बेस अटॅक (त्याच्या जातीचा मूळ आकडा) १२५ आणि बेस स्पेशल अटॅक फक्त ६०. तिथेच हायड्रो पंप मार खातो.

आता आकडे. लेव्हलची दुप्पट भागिले ५, अधिक २. लेव्हल ५० ला हे २२ येतात. त्याला पॉवर आणि अटॅकने गुणायचं, डिफेन्सने भागायचं, मग ५० ने भागायचं आणि २ मिळवायचे. अपूर्णांक प्रत्येक पायरीला टाकून द्यायचा. ईव्ही (मिळवलेले स्टॅट-गुण) न दिलेल्या, चांगल्या आयव्हीच्या (जन्मजात स्टॅट-गुणांच्या) आर्कनाइनचे दोन्ही डिफेन्स १०० आणि एचपी १६५ असतो, त्यामुळे उदाहरण आयतंच सोपं आहे.

वॉटरफॉल: २२ × ८० × १४५ ÷ १०० = २५५२, भागिले ५० म्हणजे ५१, अधिक २ = ५३.
हायड्रो पंप: २२ × ११० × ८० ÷ १०० = १९३६, भागिले ५० म्हणजे ३८, अधिक २ = ४०.

यानंतर गेम ८५ ते १०० मधला एक आकडा उचलतो आणि तितके टक्के धरतो. दर वेळी फरक पडतो तो यामुळे. मग स्वतःच्या टाइपची मूव्ह म्हणून दीडपट, आणि फायरवर वॉटर म्हणून दुप्पट. शेवटी वॉटरफॉल १३४ ते १५८, हायड्रो पंप १०२ ते १२०. वर हायड्रो पंपची अचूकता ८० टक्के, म्हणजे पाचातला एक वार हवेत.

दीडपट किती मोठी असते ते अर्थक्वेकवरून बघ. पॉवर १००, आर्कनाइनवर तोही दुप्पट, पण गायराडॉस ग्राउंड टाइप नाही. म्हणून ११० ते १३० वरच थांबतो.

पॅल्डियाचा_पाहुणा
तात्यांचे आकडे बरोबर, पण आर्कनाइनची अ‍ॅबिलिटी (अंगचा खास गुण) त्यात धरलेली नाही. इंटिमिडेट असेल तर मैदानात येताच तो तुझा अटॅक एक पायरी उतरवतो, म्हणजे दोन तृतीयांश: १४५ चे ९६. मग वॉटरफॉल ८६ ते १०४ वर येतो. हायड्रो पंपला इंटिमिडेट लागत नाही, तो १०२ ते १२० च राहतो. तुझा 'पोचट' वॉटरफॉल बहुतेक हाच. फ्लॅश फायरवाला आर्कनाइन असेल तर हा त्रास नाही.

दुसरा संशयित बर्न. भाजवणारी मूव्ह विल-ओ-विस्प तुला लागली की फिजिकल डॅमेज निम्मा, १३४–१५८ चे ६७–७९. तिसरा टेरा, म्हणजे लढाईत टाइप बदलायची सोय: समोरच्याने टाइप बदलला की तुझी दुप्पट जाऊ शकते.

मॅजिकार्प_५००
म्हणजे इंटिमिडेटवाल्यासमोर हायड्रो पंपच चांगला?

हिशेबी_तात्या
एका वारापुरता जड, हो. पण सरासरी काढ: हायड्रो पंपचे साधारण १११, त्याचे ८० टक्के म्हणजे ८९. वॉटरफॉलचे साधारण ९५, आणि चुकायची भीती नाही. शिवाय इंटिमिडेट असतानाही दोन वॉटरफॉल म्हणजे किमान १७२, १६५ वाला आर्कनाइन नक्की पडतो. दोन हायड्रो पंप लागोपाठ लागण्याची शक्यता ६४ टक्के. काढून टाक.

ईव्ही_मास्तर
त्या जागी ड्रॅगन डान्स घे, ती अटॅक आणि स्पीड एकेक पायरी चढवते. एकदा वापरलास की इंटिमिडेट फिटतो, अटॅक परत १४५. मुख्य म्हणजे स्पीड १०१ चा १५१ होतो आणि आर्कनाइनच्या ११५ च्या पुढे जातो. वॉटरफॉलने २० टक्के वेळा समोरचा बिचकतो, पण तू आधी मारलास तरच त्याचा उपयोग. आत्ता आर्कनाइन पहिला मारतोय, म्हणजे ते २० टक्के वायाच चाललेत. फक्त डान्सच्या टर्नला आर्कनाइनचा इलेक्ट्रिक वार वाइल्ड चार्ज येणार नाही ना, बघ. वॉटर-फ्लाइंगला इलेक्ट्रिक चौपट लागतं.

नेचरही बदल. अ‍ॅडमंट मिंट (अटॅक वाढवणारा नेचर देणारा आयटम) दिलास की अटॅक १५९ आणि वॉटरफॉल १४४ ते १७०. इंटिमिडेट नसेल तर १६ पैकी २ आकड्यांवर आर्कनाइन एका वारात पडतो. तिसरा आकडा १६४ देतो, म्हणजे पठ्ठ्या १ एचपीवर उभा! ते टाळायला प्रोटीन: एका बाटलीला अटॅकचे १० ईव्ही, २६ बाटल्यांत २५२ भरतात. अटॅक १९४ होतो आणि किमान डॅमेज १७६. बाटल्यांना पैसे नसतील तर वॉटर टेरा कर. स्वतःच्या टाइपची दीडपट दुप्पट होते, आणि आत्ताच्या १४५ अटॅकवरही १८० ते २१२ मिळतात. इंटिमिडेट लागलेला असेल तर मात्र ११६ ते १४०, एका वारात नाही.

जुना_गेमबॉय
हे वाचून कोणी इम्युलेटरवर फायररेडमध्ये वॉटरफॉल शिकवू नका. तिथे फिजिकल-स्पेशल मूव्हवर नसतं, टाइपवर असतं. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, सायकिक, आइस, ड्रॅगन आणि डार्क सगळे स्पेशल, बाकीचे फिजिकल. वॉटरफॉल आणि हायड्रो पंप दोन्ही त्या ६० च्या स्पेशल अटॅकवर चालतात. तिथे गायराडॉसला अर्थक्वेक आणि रिटर्न द्या. ही विभागणी मूव्हनुसार झाली ती २००६ च्या डायमंड-पर्लपासून.

रेड-ब्लूमध्ये तर स्पेशल हा एकच स्टॅट होता आणि गायराडॉसचा १००. गोल्ड-सिल्व्हरमध्ये त्याचे दोन तुकडे झाले तेव्हा १०० स्पेशल डिफेन्सच्या वाट्याला गेले आणि स्पेशल अटॅकला ६० उरले. हायड्रो पंपची शिफारस करणारं गाइड सापडलं तर आधी ते कुठल्या गेमचं आहे ते बघा.

मॅजिकार्प_५००
हायड्रो पंप काढला, ड्रॅगन डान्स घातला. क्रिटिकल हिटचं काय? इंटिमिडेट असताना एकदा अचानक खूपच लागलं होतं.

पॅल्डियाचा_पाहुणा
क्रिटिकल दीडपट असतो, आणि तुझ्या अटॅकची उतरलेली पायरी तो धरतच नाही. म्हणजे ९६ नाही, पूर्ण १४५, वर दीडपट. साध्या मूव्हला शक्यता २४ त १, तेव्हा त्यावर बेत आखू नकोस.