मदत हवी आहे: निकेल 3 च्या खाली येतच नाही

जस्ती: प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवण्याचं) सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडतो. परवान्यात निकेल 3 मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच 5.5 ते 9. रिपोर्टमध्ये निकेल 11! पीएच वाढवायला कॉस्टिक सोडा टाकतोय, गाळही बसतोय. सोमवारी पुन्हा सॅम्पल नेणार आहेत. काय टाकू, पटकन सांगा.

गाळपंथी: कॉस्टिकने पीएच कितीवर नेता? सॅम्पल गाळून तपासलं की तसंच? क्रोमचं पाणी त्याच टाकीत येतं का?

पाणचक्की: आयन एक्स्चेंज (निकेल धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून पाणी सोडणं) लावा, विषय संपला.

गाळपंथी: गढूळ पाण्याने रेझिनचा बेड तुंबतो. आणि रिजनरेशनचं, म्हणजे रेझिन धुऊन पुन्हा वापरण्याजोगं करताना निघणारं, निकेलने भरलेलं आम्ल कुठे ओतणार?

जस्ती: पीएच 8.5. मर्यादाच 9 आहे, वर कसा नेऊ? क्रोम नाही. सॅम्पलचं लॅबला विचारतो.

गाळपंथी: घोळ इथेच आहे. 9 ची मर्यादा गटारात पडणाऱ्या पाण्याला, टाकीतल्या प्रक्रियेला नाही. निकेल हायड्रॉक्साइड नीट बाहेर पडायला 10 ते 10.5 लागतो. गाळ बसवा, वरचं पाणी फिल्टर करा, *मग* सौम्य सल्फ्युरिकने 8.5 वर आणा. आम्ल आधी टाकलंत तर तरंगणारे बारीक कण परत विरघळतात आणि आकडा जिथल्या तिथे.

नळराजा: एवढा खटाटोप कशाला? कूलिंगचं पाणी चौपट मिसळा.

मधुरा_ले: कृपया असले सल्ले नकोत. पातळ केलं तरी गटारात निकेल तेवढंच जातं. पुढे शुद्धीकरण केंद्रात ते अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं, उरलेलं तिथल्या गाळात साठतं. बहुतेक परवान्यांत याला मनाई असतेच.





जस्ती: सॅम्पल गाळलेलं होतं. इलेक्ट्रोलेस निकेलचं (विजेशिवाय, रसायनांनी होणाऱ्या प्लेटिंगचं) रिन्स, म्हणजे धुण्याचं पाणीपण त्याच टाकीत येतं. फरक पडतो का?

गाळपंथी: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! त्यातलं सायट्रेट, लॅक्टेट निकेलला पाण्यात विरघळलेलंच धरून ठेवतं. ती लाइन आजच वेगळ्या ड्रमात वळवा. मग जार टेस्ट: टाकीतलं एकेक लिटर पाणी 4 बीकरमध्ये, पीएच 9, 9.5, 10, 10.5. वीस मिनिटं ढवळा, अर्धा तास बसू द्या, 0.45 मायक्रॉनमधून गाळून निकेल तपासा. 10.5 लाही आकडा उतरला नाही तर निकेल बांधलेलं आहे, नुसतं कॉस्टिक व्यर्थ.

पाणचक्की: मग सोडियम सल्फाइड.

मधुरा_ले: पाणी चुकून आम्लाकडे गेलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटेल, माणूस जाईल. त्यापेक्षा डायथायोकार्बामेट, म्हणजे असं बांधलेलं निकेलही ओढून गाळात बसवणारं रसायन. तेही जार टेस्टने मोजूनच, जास्तीचं जिवाणूंना विषारी.

जस्ती: 10.5 लाही 7 आहे. ड्रम लावला. डायथायोकार्बामेट पॉलिमरच्या (बारीक कण एकत्र आणणाऱ्या रसायनाच्या) आधी की नंतर?

मधुरा_ले: आधी. पंधरा मिनिटं ढवळून मग पॉलिमर, तेही हळू ढवळत. नाहीतर फ्लॉक, म्हणजे कणांचा पुंजका, फुटतो.