मदत हवी आहे: सासऱ्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद, ब्रेसलाऊ (तातडीचे!)

चिंचगूळ: सासरे जर्मन, कॅथलिक, जन्म 1941. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे, बाप्तिस्म्याची नोंद फ्रेम करून द्यायचीय. घरात सगळे "ब्रेसलाऊ धर्मप्रांत" (बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा प्रदेश) म्हणतात. ब्रेसलाऊ म्हणजे आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ, म्हणून तिथे मेल टाकली, तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं?? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

बव्हेरियाबंडू: सोप्पंय. ग्योर्लित्स. महायुद्धानंतर जुन्या ब्रेसलाऊ धर्मप्रांताचा जो तुकडा जर्मनीत उरला, तोच आता ग्योर्लित्स धर्मप्रांत. माझ्या घरमालकिणीचं काम तिथूनच झालं.

पोथीनिष्ठ: गाव कुठलं? ते सांगितल्याशिवाय सगळा अंधारात बाण.

चिंचगूळ: नाइस. जुन्या फोटोमागे पेन्सिलीनं "नाइस, सांक्ट याकोबुस" लिहिलंय, म्हणजे तिथलं चर्च.

बव्हेरियाबंडू: मग तर नक्कीच ग्योर्लित्स! ते नाइस नदीवरच आहे. जर्मनी-पोलंडची ओडर-नाइस सीमा ऐकली नाहीत का?

पोथीनिष्ठ: बंडूशेठ, ती नाइस नदी वेगळी. हे शहर दुसऱ्याच नाइसच्या काठी, आता पोलंडमधलं निसा. जुलै 1945 मध्ये ब्रेसलाऊचे कार्डिनल बर्ट्राम वारले. पुढच्याच महिन्यात पोलंडचे कार्डिनल ह्लॉन्ड यांनी जर्मनीकडून पोलंडकडे आलेल्या मुलखात चर्चचे पाच प्रशासक नेमले. व्रोत्सवाफला एक, ओपोलेला दुसरे, कोमिनेक. निसा ओपोलेच्या वाट्याला गेलं. व्हॅटिकननं मात्र सीमा करारानं पक्की होईपर्यंत कागद हलवला नाही. पश्चिम जर्मनीनं ही सीमा मानणारा 1970 चा वॉर्सा करार 1972 मध्ये मंजूर केला, मग त्याच जूनमध्ये पोप पॉल सहावे यांनी ओपोलेला रीतसर धर्मप्रांत केलं. व्रोत्सवाफवाले बरोबरच बोलले, फक्त पुढचा पत्ता दिला नाही.

माडाची_सावली: गोव्यात तेच झालं हो! पोर्तुगीज 1961 ला गेले, गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप, पॅट्रिआर्क आल्व्हेर्नाझ, 1962 ला निघाले, पण राजीनामा मंजूर झाला 1975 ला, पोर्तुगालनं विलीनीकरण मान्य केल्यावर. आमचा वसई धर्मप्रांत 1998 ला मुंबईतून वेगळा झाला, तेव्हा सीमेचं काही लफडं नव्हतं.

बव्हेरियाबंडू: वसईचा काय संबंध?

माडाची_सावली: तुमच्या घरमालकिणीचा होता तेवढाच.

कागदवाला: चर्च सोडा, सरकारी जन्मनोंद काढा. प्रशियात (तेव्हाचं जर्मन राज्य, नाइस त्यातच) 1874 पासून आहे. जन्माची रजिस्टरं 100 वर्षं पोलंडच्या नोंदणी कचेरीत राहतात. जाता जाता पोलिश नागरिकत्व मिळतंय का तेही बघा.

चिंचगूळ: नागरिकत्व कुणी मागितलं?! सरकारी दाखल्यात धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळच्या गॉडफादरचं) नाव नसतं. सासऱ्यांना तेच हवंय.

पोथीनिष्ठ: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत. निसाच्या याकोबुस चर्चला आणि ओपोलेला दोन्हीकडे लिहा, पोलिशमध्ये. सासऱ्यांचं आणि आईवडिलांचं नाव जर्मन स्पेलिंगनं, जन्मतारखेसकट. 1945 ला शहर भयंकर जळालं होतं, तेव्हा वही शिल्लक आहे का, हे सगळ्यात आधी विचारा.

चिंचगूळ: पोलिश कुणाला येतं इथे? उद्या सकाळपर्यंत हवंय.