मे महिन्यात मेलबर्न ते अ‍ॅडलेड, किनाऱ्याने गाडी चालवत: सासूबाई आणि लहान मुलगा बरोबर

कोथरूडची_मृण्मयी

नमस्कार. शाळेला सुट्टी लागली की मेच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही ऑस्ट्रेलियाला निघतोय. मी, नवरा, सहा वर्षांचा लेक आणि सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, पण समुद्र म्हटलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून त्या दारात उभ्या.

ट्रॅव्हलवाल्यांनी ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता मेलबर्नहून एका दिवसात बसने जाऊन-येऊन असा दिलाय. आम्हाला मात्र तीन-चार दिवस मेलबर्नमध्ये राहून, मग भाड्याच्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने अ‍ॅडलेड गाठायचंय आणि परतीचं विमान तिथूनच पकडायचंय. नवऱ्याचं म्हणणं, कोकणात जाताना निघतो तसं पहाटे चारला निघू, म्हणजे दुपारी जेवायला मुक्कामी. हे तिथे चालेल का? रात्री कुठे राहावं? कांगारू आयलंड बसवावं का? आम्ही शाकाहारी आहोत, लेकाला वरणभात लागतोच. लायसन्सचं काय करायचं तेही सांगा.

बावधनचे_काका

मृण्मयीताई, आधी पहाटे चारचा बेत डोक्यातून काढा. मेच्या मध्यावर तिकडे सूर्य उगवायला सात वाजून जातात आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मावळतो. कांगारू आणि वॉलबी (कांगारूचाच छोटा भाऊबंद) चरायला बाहेर पडतात ते नेमके पहाटे आणि तिन्हीसांजेला. दिव्यांच्या उजेडात ते बिथरतात आणि कुठल्या बाजूला उडी मारतील याचा नेम नसतो. शंभरच्या वेगात मोठा नर आडवा आला तर पुढचा भाग चेपतो, आणि तुमच्या गाडीत लहान मूल आहे. आठला निघायचं, चारच्या आत मुक्कामी पोचायचं. सगळा बेत या दोन वेळांवर बसवा. गाडीच्या करारात जनावराची धडक विम्यात धरली आहे का, हेही सही करण्याआधी वाचा.

मेलबर्नकडून पश्चिमेला निघताय हे फार चांगलं केलंत. तिथेही आपल्यासारखी डाव्या बाजूने वाहनं चालतात, आणि या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो. म्हणजे थांब्यांवर गाडी सरळ आत घेता येते, समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. टॉर्कीपासून वॉर्नमबूलजवळच्या अ‍ॅलन्सफोर्डपर्यंत ग्रेट ओशन रोड सुमारे २४३ किलोमीटर आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो कुदळ-फावड्याने खणला, आणि न परतलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणूनच तो बांधला. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान लागते, तिथे थांबा आणि लेकाला हे सांगा.

पहिली रात्र अपोलो बे. वाटेत केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतात. झाडाच्या बेचक्यात राखाडी गाठोडं दिसलं की तोच. वळणं बरीच आहेत, आईंना गाडी लागत असेल तर त्यांना पुढे बसवा.

दुसरी रात्र पोर्ट कॅम्पबेललाच घ्या, हा माझा आग्रह समजा. ट्वेल्व्ह अपॉस्टल्स हे समुद्रात उभे सुळके तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहेत. मेलबर्नच्या बसगाड्या दुपारी येतात आणि अंधार पडायच्या आत परतीला लागतात. तुम्ही तिथेच राहिलात तर सकाळचं ऊन त्या चुनखडीच्या सुळक्यांवर पडताना निवांत बघता येईल. २००५ च्या जुलैमध्ये यातला एक सुळका काही क्षणांत ढासळला, आणि लाटांचं काम अजून चालूच आहे. आईंसाठी सांगतो: गाडीतळावरून रस्त्याखालच्या भुयारातून पलीकडे जायचं आणि पुढे कठड्याची सपाट वाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. गिब्सन स्टेप्सला मात्र ८६ पायऱ्या उतरून वाळूत जावं लागतं, तिथे तुम्ही आळीपाळीने जा.

लॉक आर्ड गॉर्ज काही झालं तरी चुकवू नका. १८७८ साली इंग्लंडहून मेलबर्नला निघालेलं लॉक आर्ड जहाज तीन महिन्यांचा प्रवास संपत आला असताना इथल्या खडकांवर फुटलं. चोपन्न माणसांतली दोनच वाचली, टॉम पिअर्स नावाचा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल. दोघंही विशीच्या आतली. तो आधी किनाऱ्याला लागला, तिच्या हाका ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला ओढून गुहेत नेलं आणि मग कडा चढून मदत शोधायला गेला. मी त्या वाळूत उभा होतो तेव्हा दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या तोंडातून लाट आत यायची, पसरत पसरत बुटांपाशी येऊन विरायची, आणि तेवढ्याशा फटीतून ते दोघं कसे आत आले असतील हे डोळ्यांसमोर येत राहिलं. बायको बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हती. वरूनही दरी छान दिसते, आईंना तेवढं पुरेल.

तिसऱ्या दिवशी माउंट गॅम्बियर, सुमारे २६५ किलोमीटर. मध्ये टॉवर हिल हे जुन्या ज्वालामुखीचं मुख लागतं, आत एमू मोकळे फिरतात, डबा तिथे खा. माउंट गॅम्बियरचं ब्लू लेक उन्हाळ्यात गडद निळं असतं, मेमध्ये करडं पडतं. त्याच्या फोटोंवर जाऊ नका. त्याऐवजी अंफरस्टन सिंकहोल बघा: जमीन खचून झालेल्या खोल खड्ड्यात बाग केली आहे, कडांवरून वेली लोंबतात आणि अंधार पडला की पॉसम (झाडांवर राहणारे छोटे केसाळ प्राणी) खायला येतात. लेक खूष होईल. त्यानंतर रोबला मुक्काम, आणि तिथून कूराँगच्या खाजणांकडेने पेलिकन बघत अ‍ॅडलेड.

मेलबर्नमध्ये गाडी घेऊच नका, शहर सोडायच्या दिवशी ताब्यात घ्या. मध्यभागात ट्राम फुकट आहे. शिवाय तिथे काही चौकांत उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं, ट्राम अडू नये म्हणून. पहिल्याच दिवशी तो ताप कशाला? क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, तेवढं बघून वार ठरवा. फिलिप आयलंडचे छोटे पेंग्विन तुम्हाला मेमध्ये सोयीचे पडतील. ते सूर्य मावळल्यावर समुद्रातून बाहेर येतात. उन्हाळ्यात त्यासाठी रात्री नऊपर्यंत बसावं लागतं, तुमचं सहाच्या आसपास होईल. तिथे फोटो काढायला बंदी आहे. गार वारा असतो, आईंना कानटोपी आणि मुलाला जाड जॅकेट हवंच.

अ‍ॅडलेडची_पुणेकरीण

काकांनी छान सांगितलंय. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, म्हणून खाण्याबद्दल मीच सांगते. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे सगळे पदार्थ जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड जबर. पेढे-बर्फी आणि ताजा कढीपत्ता घरीच ठेवा. डाळ-तांदूळ इथल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं, मेलबर्नलाच भरून घ्या. मुक्कामाला हॉटेलपेक्षा हॉलिडे पार्कमधली केबिन घ्या. शेगडी, भांडी, फ्रिज सगळं असतं, छोटा कुकर तेवढा आणा. लहान गावांत खानावळी लवकर बंद होतात आणि शाकाहारी म्हणजे बहुतेक वेळा बटाट्याचे चिप्स आणि चीज टोस्ट.

माउंट गॅम्बियरच्या आधी साउथ ऑस्ट्रेलिया राज्य सुरू होतं, त्याच्या हद्दीत फळं-भाज्या आणता येत नाहीत, फळमाशीमुळे. टोमॅटो-सफरचंदं आदल्या दिवशी संपवा किंवा हद्दीजवळच्या पेटीत टाका. आणि हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे.

कांगारू आयलंडला केप जर्व्हिसहून फेरीने पाऊण तास लागतो, पण बेट दीडशे किलोमीटर लांब आहे. तिथे दोन रात्री देता येत नसतील तर नकोच, निम्मा वेळ गाडीतच जाईल. त्यापेक्षा शहराजवळच्या क्लीलँड प्राणी उद्यानात जा, तिथे कांगारूंना हाताने खाऊ घालता येतं. शेजारचं हानडॉर्फ हे जर्मन लोकांनी १८३९ साली वसवलेलं गाव, दुपार छान जाते. अ‍ॅडलेडचं सेंट्रल मार्केट रविवारी बंद असतं.

औंधचा_निखिल

लायसन्स: आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं, त्यामुळे पर्यटकाला त्यावर गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, काही गाडीवाले मागतात. सारथी संकेतस्थळावर अर्ज करा, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट जवळ ठेवा. संगम पुलाजवळच्या आरटीओत जावं लागलं तर सकाळीच जा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्सही बरोबर लागतंच.

मुलाला बूस्टर सीट (गाडीत लहान मुलाला उंच बसवणारी बैठक) लागेल, सात वर्षांखालच्यांना कायद्याने सक्तीची आहे. इथून नेऊ नका, तिथल्या मानकाचीच चालते. गाडीबरोबर भाड्याने मागून घ्या.

कोथरूडची_मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. कांगारू आयलंड रद्द, तो वेळ पोर्ट कॅम्पबेल आणि रोबला देतोय. नवऱ्याला सूर्योदयाच्या वेळा दाखवल्या, त्याने मान्य केलं. काका, एकच शंका: रोब ते अ‍ॅडलेड एका दिवसात आईंना जड जाईल का?

बावधनचे_काका

सुमारे ३३५ किलोमीटर आहे, रस्ता सपाट आणि मोकळा. दर दीड तासाला थांबलात तर जड जाणार नाही. किंग्स्टनला मोठ्ठा लॉबस्टरचा पुतळा आहे, तिथे पहिला चहा. मग मेनिंगीला तळ्याकाठी बाकावर डबा खा, पाय मोकळे करा. कूराँगमध्ये पेट्रोल पंप लांब लांब आहेत, टाकी किंग्स्टनलाच भरा. पंपावर आपलं आपणच भरायचं असतं, डिझेलची नळी चुकून उचलू नका. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, मधल्या पट्ट्यात रेंज जाते. साडेतीनच्या आत अ‍ॅडलेडमध्ये शिराल.