शब्दचर्चा: ‘माकी धरली’ म्हणजे ‘भूमिगत झाला’ का?

शंका: दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सबद्दलचा एक मजकूर मराठीत आणते आहे. रेझिस्ताँस, माकी, माकीझार, क्लाँदेस्तँ असे शब्द येतात. मी सगळीकडे ‘भूमिगत’ लिहीत गेले. आता वाचताना सगळी माणसं एकसारखी वाटताहेत.

उत्तर: ताई, शंका रास्त आहे. या शब्दांमागे दोन निराळी आयुष्यं आहेत.

माकी हा शब्द कॉर्सिका बेटाचा. तिथल्या डोंगरउतारांवरच्या दाट, काटेरी, सदाहरित झुडपांच्या रानाला माकी म्हणतात. वैरापायी कुणाचा खून करून माणूस त्या रानात शिरला की त्यानं ‘माकी धरली’ म्हणायचे. मग आलं 1943. फेब्रुवारीत फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या विशी सरकारनं सक्तीच्या मजुरीचा कायदा केला आणि 1920 ते 1922 या काळात जन्मलेल्या तरुणांना जर्मनीतल्या कामासाठी बोलावणी येऊ लागली. ज्यांना जायचं नव्हतं त्यांतल्या अनेकांनी घर सोडलं आणि डोंगर गाठला. ही पोरं म्हणजे माकीझार. आल्प्समधल्या ग्लिएरच्या पठारावर 1944 च्या मार्चमध्ये बर्फात लढाई झाली. कॉर्सिकाचं झुडूप तिथे औषधालाही नाही, तरी शब्द तोच.

म्हणून इथे ‘रान जवळ केलं’ लिहावं. ‘भूमिगत’ नको. ‘गनिमी’ही जपून वापरा. लढण्याच्या तऱ्हेला तो शोभतो, पण माणसाला गनीम म्हटलं की तो शत्रूच होतो, आणि इथे गनीम तर जर्मन होते.

क्लाँदेस्तँची, म्हणजे लपूनछपून काम करणाऱ्याची, गोष्ट वेगळी. जाँ मुलँ घ्या. लंडनहून लढा चालवणाऱ्या जनरल दगॉलचा प्रतिनिधी म्हणून आलेला हा माणूस 1942 च्या जानेवारीत पॅराशूटनं उतरला. आधी ‘रेक्स’, मग ‘माक्स’ या नावानं त्यानं विखुरलेल्या संघटना एकत्र आणल्या. आणि राहिला कुठे? शहरांतच. नीसमध्ये त्यानं चक्क चित्रांचं दालन उघडलं. लोकांसमोर चित्रं विकणारा, आतून अख्ख्या चळवळीचा सूत्रधार. 27 मे 1943 ला पॅरिसमध्ये त्यानं राष्ट्रीय प्रतिकार परिषदेची पहिली बैठक घेतली. 21 जूनला लियाँजवळच्या कालुईरमध्ये तो पकडला गेला आणि छळानंतर 8 जुलैला गेला. त्याच्यासाठी ‘भूमिगत’ चपखल आहे. आपल्याकडे बेचाळीसमध्ये अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली भूमिगत होते, मुंबईत उषा मेहतांचा गुप्त रेडिओ जागा बदलत चालला होता. ही माणसंही शहरांतल्या घरांतूनच काम करत होती.

प्रतिप्रश्न: आणि रेझिस्ताँस? ‘विरोध’ की ‘प्रतिकार’?

उत्तर: चळवळीचं नाव म्हणून ‘प्रतिकार’. विरोध सभेतही होतो, तो फार सौम्य. पण क्रियापद आलं तर थांबा. मूळ लॅटिन शब्दात पाय रोवून उभं राहणं आहे, उलट वार करणं नाही. डिसेंबर 1940 मध्ये पॅरिसच्या मानव संग्रहालयातल्या मंडळींनी ‘रेझिस्ताँस’ नावाचं गुप्त पत्रक काढलं. ते नाव ग्रंथपाल इव्हॉन ओदों यांनी सुचवलं. त्या प्रोटेस्टंट घरातल्या, आणि या शब्दामागे प्रोटेस्टंटांची एक जुनी आठवण आहे. दक्षिण फ्रान्सातल्या एग-मोर्तच्या बुरुजात अठराव्या शतकात प्रोटेस्टंट धर्म सोडत नाही म्हणून मारी द्युराँ 38 वर्षं कैदेत होती. तिथल्या दगडावर ‘रेझिस्ते’ असा शब्द कोरलेला आहे आणि तो तिचाच असं मानतात. त्या बाईनं कुणावर हात उगारला नव्हता. मला तिथे ‘न नमणं’ हेच योग्य वाटतं. ‘प्रतिकार करणं’ लिहिलंत तर ती 38 वर्षं शब्दातून निघून जातात. पत्रक काढणाऱ्यांपैकी सात जणांना फेब्रुवारी 1942 मध्ये गोळ्या घातल्या, त्यांच्याबद्दल लिहिताना हे मनात असू द्या.

प्रतिप्रश्न: ‘रेझो’ आणि ‘मुव्हमाँ’ दोन्हींना मी ‘संघटना’ केलंय.

उत्तर: वेगळं करा. रेझो म्हणजे जाळं: बातम्या काढणं, अडकलेल्या वैमानिकांना सीमेपार नेणं, घातपात. मुव्हमाँ म्हणजे चळवळ: वर्तमानपत्र, लोकांची मनं. आणि कुणी ‘ब्रुले’ झाला असं आलं तर ‘जळाला’ लिहू नका, ‘उघडा पडला’ लिहा.

शंका विचारणारी: मग माझं वाक्य असं होतं, ‘जर्मनीची गाडी सुटायच्या आदल्या रात्री धाकट्यानं रान जवळ केलं.’

उत्तर: हो. हेच ठेवा.