नाताळाआधी लेकरांना द्यायला कसं शिकवायचं? 16 लेकरं, 600 रुपये

यवतमाळची शब्बाथ शाळा

नमस्कार मंडळी. आमच्या गावात रविवारी शब्बाथ शाळा भरते. 16 लेकरं, वय 5 ते 13. निम्मी ख्रिस्ती घरची, बाकी शेजारपाजारची, सगळी एकत्रच बसतात. 2026 मध्ये आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे, चार रविवार 29 नोव्हेंबर, 6, 13 आणि 20 डिसेंबरला येतात. एवढ्या दिवसांत लेकरांना आपल्या हातानं दुसऱ्यासाठी काही करायची सवय लागावी, अशी फार इच्छा आहे. 25 तारखेला फळं वाटली आणि फोटो काढला, एवढ्यावर भागवायचं नाही.

अडचणी अशा. कापूस वेचणीचे दिवस आहेत. आईबाप सकाळी वावरात जातात ते दिवेलागणीला येतात, सुटीच्या दिवशी मोठी लेकरंही सोबत जातात. पैसे 600 रुपये, त्यावर एक रुपया नाही. रोज एक चिठ्ठी उघडायची, अशी 24 दिवसांची कॅलेंडरं पाहिली, पण त्यातली कामं आमच्या गावात जमणारी नाहीत. आणि मुख्य प्रश्न: आमच्यातल्याच पाच-सहा घरी लेकरांना धड स्वेटर नाही. त्या लेकरांनी कोणाला काय द्यायचं? कामाबद्दल चांदण्या चिकटवाव्यात का, हेही सांगा.

दारव्हा तालुका, शिक्षिका

ताई, रोजचं काम ठेवू नका. पहिले चार दिवस उत्साह असतो, मग दोन लेकरं विसरतात, त्यांना मागे पडल्यासारखं वाटतं आणि ती येणंच बंद करतात. आठवड्याला तीन कामं पुरेत: दोन घरी करायची, एक रविवारी सगळ्यांनी मिळून.

माचिसच्या 12 रिकाम्या पेट्या पुठ्ठ्यावर चिकटवा. प्रत्येक पेटीत एक नाही, दोन चिठ्ठ्या ठेवा आणि लेकराला त्यातली एक निवडू द्या. ही निवड महत्त्वाची आहे. चेर्न्याक आणि कुश्नीर ह्यांच्या 2013 च्या अभ्यासात, स्वतःकडे ठेवायचं की द्यायचं हे ज्या लहान मुलांनी स्वतः ठरवून दिलं, त्यांनी पुढच्या वेळी जास्त वाटलं. ज्यांना ‘दे’ म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यात तेवढं दिसलं नाही.

चिठ्ठीवर ‘म्हाताऱ्यांना मदत करा’ असं लिहाल तर काहीच होणार नाही. सहा वर्षांच्या लेकराला त्यातून काय करायचं ते कळत नाही. असं लिहा: शेजारच्या आजीच्या दहा सुयांमध्ये दोरा ओवून दे. दोरा हातभर, शेवटी गाठ, सुया कापडाच्या चिंधीत टोचून ठेवायच्या. नजर कमी झालेल्या बाईला गोधडी शिवताना सगळ्यात जास्त अडतं ते इथंच, आणि लेकराचं दहा मिनिटांचं काम तिला आठवडाभर पुरतं. (सुया मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या.) तसंच: दोन वाट्या डाळ निवडून दे. प्यायच्या पाण्याचा गुंड भरून ओट्यापर्यंत नेऊन दे, पण लहान लेकराला पूर्ण भरलेला गुंड उचलू देऊ नका, तांब्या-तांब्यानं भरू द्या. बाहेरगावी असलेल्या मुलाला आजोबांसाठी फोन लावून दे. औषधाच्या गोळ्या काढून द्यायचं काम मात्र कोणत्याच लेकराला नको.

पाच-सहा वर्षांच्यांना मोठ्या लेकरासोबत जोडी लावून द्या. पण सख्खी भावंडं एका जोडीत नकोत, मोठं सगळं करतं आणि धाकटं पाहत राहतं. सगळी कामं सकाळी शाळेआधी होतील एवढीच ठेवा, संध्याकाळच्या पारी घरी पाणी भरायचं आणि चुलीचं काम त्यांच्याच अंगावर असतं.

6 डिसेंबरला हजेरी कमी राहील हे धरून चाला. महापरिनिर्वाण दिनासाठी बरीच कुटुंबं मुंबईला चैत्यभूमीवर गेलेली असतात. त्या दिवशी सामूहिक काम न ठेवता गोष्ट सांगा. 6 डिसेंबर हा संत निकोलसचा सणही आहे. मायरा गावचा हा चौथ्या शतकातला बिशप. रात्रीच्या अंधारात गरीब घरच्या तीन मुलींच्या लग्नासाठी सोनं टाकून गेल्याची आख्यायिका त्याच्याबद्दल सांगतात. कोणी दिलं ते कळू द्यायचं नाही, ह्यातली मजा लेकरांना लगेच समजते.

वर्धा, बालवाडी

चांदण्या नकोच. वॉर्नेकेन आणि टोमासेलो ह्यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. मदत केल्यावर ज्यांना खेळणं बक्षीस मिळालं, ती बाळं बक्षीस थांबल्यावर बाकीच्या बाळांपेक्षा कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा नुसतं कौतुक झालं होतं, ती करतच राहिली. मोठ्या लेकरांत वेगळी अडचण येते. चांदणीसाठी खोटं सांगणं सुरू होतं, आणि आपण ते तपासत बसतो.

मोजायचंच असेल तर सगळ्यांची मिळून एक बरणी ठेवा, काम झालं की गुपचूप एक चिंचोका टाकायचा. नाव नाही, नंबर नाही. पेरणीतून उरलेली सरकी किंवा सोयाबीनचं बियाणं ह्यासाठी अजिबात वापरू नका. त्याला कीटकनाशकाचा लेप असतो आणि लहान लेकरं दाणे तोंडात घालतात.

शाबासकी देताना झालेल्या कामाबद्दल बोला: ‘तू दोरा ओवून दिलास, आजीची गोधडी आज पुढं सरकली.’ कोणाला काय उपयोग झाला ते ऐकू आलं पाहिजे. ‘किती गुणी लेकरू’ म्हटलं की लक्ष आजीवरून उडून स्वतःवर येतं.

आर्णी रोड

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. ज्या घरी कमी आहे त्या लेकराला ‘तू घेणारा’ अशा बाजूला बसवू नका, त्याचा हात देणाऱ्यांत असलाच पाहिजे. मूठभर धान्य हा त्यावरचा आपल्याकडचा जुना उपाय. आई स्वयंपाकाला तांदूळ घेते त्यातलीच एक मूठ लेकरानं डब्यात टाकायची. आईला आधी विचारा, तिचा होकार नसेल तर त्या घरी मूठ नाही, त्याऐवजी निवडण्याचं काम. सात-आठ वर्षांच्या लेकराची मूठ साधारण 25 ग्रॅम भरते. 29 नोव्हेंबर ते 20 डिसेंबर हे 22 दिवस, म्हणजे एका लेकराचे 550 ग्रॅम आणि 16 जणांचे पावणेनऊ किलोच्या आसपास. चार घरांना दोन-दोन किलो जाऊन थोडं उरतं.

इथं चुकतं ते असं. एकानं ज्वारी आणली, दुसऱ्यानं गहू, तिसऱ्यानं तांदूळ, आणि सगळं एका पोत्यात गेलं. ते ना दळता येतं ना शिजवता येतं, शेवटी कोंबड्यांना टाकावं लागतं, आणि लेकरांना ते दिसतं. म्हणून पहिल्याच दिवशी एकच धान्य ठरवा, तांदूळ सोपा. डबा झाकणाचा, कोरडा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, चुलीपासून दूर. ओल्या हातानं मूठ टाकली की गोळे होतात आणि वास लागतो. रेशनच्या तांदळात फोर्टिफाइड (लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले) दाणे मिसळलेले असले, तर ते जरा वेगळे दिसतात. लेकरं खडे समजून निवडून फेकतात, तसं करू देऊ नका, ते खायचेच आहेत.

आता कपडे. थंडी नाताळाची वाट पाहत नाही. स्वेटर द्यायचेच असतील तर पहिल्याच आठवड्यात द्या, 25 तारखेपर्यंत गाठोडं बांधून ठेवण्यात अर्थ नाही. आधी धुवायचं, दिवसभर कडक उन्हात वाळवायचं, बटणं लावायची, चेन वरखाली करून पाहायची. दहा वर्षांवरचं लेकरू बटण लावायला अर्ध्या तासात शिकतं. फाटलेलं, डाग पडलेलं बाजूला काढून पोछा करा. लेकराला एवढंच विचारायचं: हे तुला कोणी दिलं तर तू घालशील का?

आणि एकाच वर्गातल्या लेकराचा स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देऊ नका. ओळखला जातो, आणि भांडणात एक दिवस बोलून दाखवला जातो. शेजारच्या गावच्या शाळेशी अदलाबदल करा: तुमचं गाठोडं तिकडं, त्यांचं तुमच्याकडं. तुमच्या त्या पाच-सहा घरांचाही प्रश्न त्यातूनच सुटेल, कोणाचं नाव पुकारावं लागणार नाही. गाठोड्यावर फक्त वय आणि मापाची चिठ्ठी.

यवतमाळची शब्बाथ शाळा

फार उपयोग झाला सगळ्यांचा. अदलाबदलीचं सुचलंच नव्हतं. शेजारच्या गावच्या गुरुजींशी उद्याच बोलते.

अजून एक. नाताळाचा फराळ आम्ही घरोघरी पाठवतो, करंज्या, शंकरपाळे, चिवडा. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर आठ-नऊ कुटुंबं आहेत, त्यांनाही लेकरांच्या हातून पाठवावा वाटतं. पण दोन घरच्या बायकांनी ताट घ्यायला नको म्हटलं, कारण कळलं नाही. आणि 20 डिसेंबरला सगळ्यांनी मिळून काय करावं?

दारव्हा तालुका, शिक्षिका

ताई, ताट रिकामं परत करायचं नसतं ना. ज्या घरी घालायला काही नाही, ती बाई ताट घेणारच नाही. भांडं पाठवू नका, पळसाच्या पानांचे द्रोण करा. द्रोण परत द्यावा लागत नाही. डिसेंबरात पळसाची पानं जून झालेली असतात, तशीच दुमडली की चिरतात. धुऊन दहा मिनिटं पाण्यात ठेवा, पुसून मग बारीक काड्यांनी टाचा. आठ वर्षांवरच्या लेकराला सहज जमतं. काडीचं टोक आत राहिलेलं नाही ना, हे मोठ्यानं पाहायचं.

शंकरपाळे करा, करंजीत खवा असेल तर ती टिकत नाही. एक किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, 200 मिली तेलाचं कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ, भिजवायला लागेल तसं दूध, पाव लिटरच्या आत. साधारण दीड किलो होतात, 50 ग्रॅमचे तीस द्रोण. तळणाच्या तेलासकट 600 मध्ये आरामात बसतं. मोहन किंवा साखर जास्त झाली तर ते तेलात विरघळतात, तेल फार तापलं तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. लाटणं आणि कापणं लेकरांचं, कढईजवळ फक्त मोठी माणसं.

भट्टीवर दिवसभर कामाच्या घाईत जाऊ नका. संध्याकाळी चुली पेटल्या की जा, चार-पाच लेकरं आणि एक मोठं माणूस. रांग लावायची नाही, फोटो नाही. द्रोण द्यायचा, तिथल्या लेकरांची नावं विचारायची, आपली सांगायची आणि मग तासभर त्यांच्यासोबत खेळायचं. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो. आपण गेलो आणि देऊन लगेच परतलो, तर दोन्हीकडच्या लेकरांना त्यातून काही मिळत नाही.

अमरावती, वलगाव परिसर

20 डिसेंबर म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली ह्याच दिवशी आमच्या वलगावजवळ बाबा गेले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, मुक्या प्राण्यांना अभय, ही त्यांची यादी लेकरांना वाचून दाखवा. तुमच्या चिठ्ठ्यांतली बहुतेक कामं त्यात सापडतील. निम्मी लेकरं ख्रिस्ती नाहीत म्हणालात, तर ह्या दिवशी सगळ्या घरचे लोक येतील.

सकाळी सात ते साडेआठ, ऊन चढायच्या आत. सगळं गाव घेऊ नका, एकच जागा: हापशीचा ओटा आणि भोवतीचा चिखल, नाहीतर बसथांबा. 16 लेकरांना सहा खराटे, चार घमेली, दोन बादल्या. आधी पाणी शिंपडा, नाहीतर धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात जाते, तोंडाला रुमाल बांधाच. काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई दिसली तर लेकरानं हात लावायचा नाही, मोठ्याला हाक मारायची. गोळा केलेलं प्लास्टिक पेटवू नका, पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर गाडी त्या सकाळी येते.

कुत्र्यांच्या पिल्लांसाठी काही करायचं असेल तर रिकाम्या पोत्यात धानाची तणस भरून भिंतीच्या आडोशाला टाका. सोयाबीनचं कुटार टोचतं, आणि ओलं काहीही भरलं की बुरशी धरते. पोतं कुत्री नसताना ठेवायचं, पिल्लांना उचलायचं नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीला न्यायचं. लेकरं मार बसेल म्हणून लपवतात, त्यामुळे रागावणार नाही हे पोतं टाकायच्या आधीच सांगून ठेवा.